सोलापूरला कशाला हवाय गिझर?

घरात गिझर घ्यावा की नाही, असं विचारणारं एक पत्र आलंय. ते थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या बाई 63 वर्षांच्या. अक्कलकोट रोडच्या बाजूला स्वतःचं घर. घरात त्या, यजमान, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन नातवंडं. चाळीस वर्षं विड्या वळून त्यांनी संसार उभा केला. मधली तीन वर्षं सोडली तर अंघोळीचं पाणी परसातल्या तांब्याच्या बंबात त्या स्वतः तापवत. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला आणि हे काम सुनेकडे गेलं. ती पावणेपाचला उठते, गॅसवर पातेली चढवते आणि कढत पाणी न्हाणीपर्यंत नेऊन देते. सहा वर्षांपूर्वी घरात गिझर आला होता, पण तिसऱ्या वर्षी तो गळायला लागला, एकदा नळाला हात लावल्यावर झिणझिण्याही आल्या, म्हणून काढून टाकला. आता सून पुन्हा गिझर मागतेय आणि मुलगा गप्प बसतो. "सोलापुरात आठ महिने नळालाच ऊन पाणी येतं. चार महिन्यांसाठी एवढे पैसे घालायचे, वर लाइटबिल. आम्ही नाही का केलं? ही चैन आहे की मीच जुन्या वळणाची, तुम्ही सांगा," असं त्यांनी विचारलंय. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: मागच्या महिन्यात पातेलं नेताना पाणी हिंदकळून धाकट्या नातवाच्या पावलावर पडलं, फोड आला, आता बरा आहे.

नमस्कार मावशी,

मी तुमच्याहून दहाएक वर्षांनी लहान, म्हणून मावशी म्हणते. पत्र वाचताना आधी हसू आलं. "सोलापूरला कशाला हवाय गिझर" हे माझ्या आईचंही पेटंट वाक्य. तिच्यापुढे गिझरचं नाव काढलं की ती अंगणातल्या उन्हाकडे बोट दाखवायची, जणू काही ऊनच बादली भरून देणार आहे! मग शेवटची ओळ वाचली आणि हसू थांबलं. त्या ओळीकडे मी येणार आहे, पण आधी बंबाबद्दल बोलते, नाहीतर तुम्हाला वाटेल की ही शहाणी आपल्या बंबाला नावं ठेवणार.

आमच्याकडेही बंब होता. गावाकडून तुराट्यांचे भारे यायचे आणि त्या मोडून बंबाशेजारी रचायचं काम माझ्याकडे. पावसाळ्यात तुराट्या सादळल्या की नुसता धूर. वर्गात माझ्यामागे बसणारी मुलगी एकदा म्हणाली होती, "तुझ्या वेणीला बंबाचा वास येतो गं." तिच्याही वेणीला यायचा, पण तिने आधी म्हटलं. दिवाळीच्या आधी चिंच लावून घासला की तोच बंब असा झळकायचा की त्यात तोंड बघावं. तेव्हा बंबाशी माझं भांडण नाही. पण तुमच्या घरात आता बंब पेटतच नाही, मावशी. तुम्ही बाजू बंबाची घेताय आणि पहाटे पेटतोय तो गॅस.

"सोलापूर गरम" हा मुद्दा फार ताणण्यात अर्थ नाही. मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, खरंय. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे तोच पारा 12-13 पर्यंत उतरतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत यण्णीमज्जनाच्या (तैलाभिषेकाच्या) दिवशी बाराबंदी घालून नंदीध्वजाबरोबर निघणाऱ्यांना विचारा सकाळची अंघोळ कशी वाटते ते. शिवाय गरम पाणी काय फक्त अंघोळीला लागतं? तुमच्या गुडघ्यांना शेक लागतो, कुणाला ताप आला तर पुसून घ्यायला लागतं, तुपातेलाची भांडी गार पाण्याने निघत नाहीत. आणि सोलापूरचं घर म्हटलं की अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करत येणारे पाहुणे आलेच. "उद्या पहाटे निघायचंय, सहाजण आहोत," असं रात्री दहाला सांगतात. त्या रात्री तुमची सून कितीला झोपते आणि कितीला उठते, तुम्हीच आठवा.

आता पैशांकडे येऊ, कारण पत्रात तुमचा जोर त्यावर आहे. गॅस स्वस्त आणि वीज महाग हे आपण सगळ्याच धरून चालतो. मी पेन्सिल घेऊन मांडून बघितलं. 20 अंशांचं गार पाणी 40 अंशांचं करायचं, म्हणजे अंगाला सोसेल असं 20 लिटरची एक बादली. तेवढ्या उष्णतेला वीज लागते साधारण अर्धा युनिट. गॅसवर तीच बादली करायला, भांड्याच्या बाजूने वाया जाणारी आच धरून, 60 ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. तुमच्या सहा बादल्यांना रोज 3 युनिट किंवा 360 ग्रॅम. थंडीचे 120 दिवस धरले तर एकीकडे 360 युनिट आणि दुसरीकडे 14.2 किलोची तीन सिलिंडरं. युनिटला 10 रुपये आणि सिलिंडरला 900 धरले (तुमच्या बिलावरचे आकडे घालून बघा, थोडा फरक पडेल), तर विजेचे 3,600 आणि गॅसचे 2,700. फरक 900 रुपयांचा, अख्ख्या थंडीत. पातेल्यावर झाकण ठेवत नसाल तर तेवढाही नाही.

बरं, गिझरची किंमत? नवा गिझर, वायर, फिटिंग मिळून 15,000 गेले आणि तो 8 वर्षं टिकला असं धरू. वर्षाला 1,900 पडले. म्हणजे दर थंडीला एकूण 2,800 रुपये जादा. हा आकडा मी तुमच्यापासून लपवत नाही.

पण ह्याच हिशेबात एक रकाना तुम्ही मोकळा सोडलाय. गॅसच्या मोठ्या शेगडीवर एका बादलीपुरतं पाणी तापायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दोन शेगड्या पेटवल्या तरी सहा बादल्यांना सव्वा तास. थोडं कमीच धरू, 70 मिनिटं. 120 दिवसांचे झाले 140 तास. आठ तासांच्या पाळीने साडेसतरा दिवस! तुम्ही हजाराच्या हिशेबाने विड्या वळल्या आहेत. हजार भरायला किती वेळ जातो, मध्ये पाहुणा आला तर किती विड्या मागे पडतात, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? 2,800 रुपये वाचवण्यासाठी 140 तास, म्हणजे तासाला 20 रुपये. ह्या दराने तुम्ही तरी सूप मांडीवर घेतलं असतं का?

"आम्ही नाही का केलं" असं तुम्ही लिहिलंय. केलंत की. आणि त्यात तुमचे गुडघेही गेले, निदान ओणवं बसून फुंकण्यात थोडे तरी. पण तुम्ही बंब पेटवत होतात तेव्हा परसात होतात, पाणी बंबाच्या तोटीतून बादलीत पडत होतं आणि न्हाणी दोन पावलांवर होती. सून करते ते काम वेगळं आहे. स्वयंपाकघरातून कढत पाण्याचं पातेलं उचलायचं, फडक्याने दोन कान धरायचे, ओल्या फरशीवरून चालत जायचं, आणि त्याच वाटेवर एक पोरगं दप्तर शोधत असतं. ह्या दोन्ही कामांना आपण "पाणी तापवणं" म्हणतो म्हणून ती एक वाटतात.

तर आता ती शेवटची ओळ. नातवाला फोड आला. पाऊल वाचलं, नशीब. पातेल्यातलं पाणी 80-90 अंशांचं असतं, ते अंगावर पडलं की विचार करायलाही वेळ मिळत नाही. 60 अंशांचं पाणीसुद्धा मोठ्या माणसाची कातडी पाचएक सेकंदांत भाजतं, लहान मुलाची त्याहून लवकर. 50 अंशांच्या पाण्याला त्यासाठी काही मिनिटं लागतात, तेवढ्यात माणूस पाय मागे घेतो. चांगल्या गिझरचा मला सगळ्यात मोठा फायदा कुठला वाटत असेल तर हाच: त्याला सांगून ठेवता येतं की ह्याच्या वर तापायचं नाही. पातेल्याला कोण सांगणार? (पुन्हा कधी असं झालंच, तर भाजलेली जागा साध्या गार नळाखाली 20 मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यातलं काही लावू नका. फोड मोठा असेल किंवा तोंडावर, हातावर, सांध्यावर असेल तर सरळ दवाखाना.)

अजून एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात. तुम्हाला बारा वर्षांपासून साखर आहे आणि नातवंडांच्या बादलीत विसण घातलं की तुम्ही स्वतः पाय बुडवून पाणी बघता. मावशी, हे आजपासून बंद. साखर जुनी झाली की पायांची संवेदना हळूहळू कमी होते आणि गंमत म्हणजे ज्याची कमी होते त्याला ते कळतच नाही. तुमच्या पायाला कोमट वाटलेलं पाणी पोराला कढत असू शकतं. तुमचा स्वतःचा पाय भाजला आणि कळला नाही तर ती जखम महिनोन् महिने भरत नाही. पाणी बघायचं ते कोपराने, नाहीतर मनगटाच्या आतल्या बाजूने. तरीही शंका वाटली तर सुनेला बघू द्या. आणि बादलीत नेहमी आधी गार, मग गरम.

तुम्ही म्हणाल, एवढं सांगतेस पण आमचा गिझर तर तीन वर्षांत गळला. गळणारच होता. तो का गळला हे कळल्याशिवाय दुसरा घेऊ नका, नाहीतर तोही गळेल आणि सुनेचं नाक कापलं जाईल.

पाणी तापवायच्या पातेल्याचं बूड बघा. पांढरा थर आहे ना? साबणाला फेस कमी येतो, तूरडाळ शिजायला वेळ घेते, नळाच्या तोटीवर पांढरी खरपुडी चढते. हे सगळं बोअरच्या जड पाण्याचं. त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी तापलं की खाली बसतात आणि पाणी 60 अंशांच्या पुढे गेलं की हे काम भराभर होतं. आमचा जुना गिझर मेकॅनिकने उघडला तेव्हा आतून तांब्याभर पांढरे खडे निघाले. पाणी तापवणारी कॉइल तर ओळखूच येईना, चुना फासलेली मुळी दिसत होती. असा थर चढला की कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल आतल्या आत जळते आणि बिल मात्र वाढत राहतं.

टाकी गळण्याची गोष्ट थोडी निराळी. बहुतेक गिझरांत आतली टाकी पोलादाची असते, तिला आतून काचेसारखा लेप दिलेला असतो. लेपात कुठे सुईएवढी जागा उघडी राहिली की तिथे गंज धरतो. तो धरू नये म्हणून आत मॅग्नेशियमची एक कांडी लावलेली असते. टाकीऐवजी ती झिजते, तेच तिचं काम. जड पाण्यात ती लवकर संपते. संपली आणि बदलली नाही की मग टाकीची पाळी. तुमच्या गिझरची कांडी तीन वर्षांत एकदा तरी कुणी उघडून पाहिली होती का? मला खात्री आहे की अशी काही कांडी असते हेच तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नव्हतं. ज्या दुकानातून मी घेतला त्याने वॉरंटी कार्डाचं पाकीट हातात दिलं आणि "टेन्शन घेऊ नका ताई" म्हणाला. मी घेतलं नाही, गिझरने घेतलं.

म्हणून नवीन घेताना कुठली कंपनी हा प्रश्न मागून येऊ द्या. आधी विचारा की ह्यात पाणी कुठलं जाणार. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, उजनी धरणातून शंभरेक किलोमीटर येतं आणि तेही काही दिवसांआड, म्हणून बहुतेक घरांत बोअर आणि नळाचं पाणी वरच्या टाकीत एकत्र होतं. जमत असेल तर गिझरला नळाच्या पाण्याची वेगळी छोटी टाकी द्या, आणि विसणाच्या गार नळाला बोअर राहू द्या. एवढ्या एका गोष्टीने गिझरचं आयुष्य वाढतं. तसं जमत नसेल तर जड पाण्यासाठीचा म्हणून मिळणारा गिझर घ्या, आणि दरवर्षी दिवाळीआधी कॉइल, कांडी साफ करून-बघून घ्या. कांडी बदलायला नव्या गिझरच्या मानाने फारच थोडे पैसे पडतात. थर्मोस्टॅट (पाणी किती तापायचं ते ठरवणारं बटण) 55 अंशांच्या आसपास ठेवा. त्याहून वर ठेवला तर क्षारही जास्त आणि भाजायची भीतीही जास्त. फार खालीही नको, साठून राहिलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात.

आकार म्हणाल तर तुमच्या सहा माणसांना 25 लिटरचा. 55 अंशांच्या 25 लिटर पाण्यात विसण घातलं की अंघोळीच्या दोन बादल्या आरामात होतात, आणि 2,000 वॉटचा गिझर पुढचं पाणी अर्ध्या तासात एक युनिटमध्ये तापवतो. शाळेची दोन पोरं पहिल्या पाण्यात, मुलगा-सून दुसऱ्या, तुम्ही दोघं निवांत आठला तिसऱ्या. तुमच्या दोघांना पहाटे पाचला अंघोळ कशाला हवी, हा प्रश्न मी विचारत नाही, फक्त लिहून ठेवते.

झिणझिण्या आल्या होत्या, ती गोष्ट मात्र मला गळण्याहून जास्त भीतीची वाटते. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येणं म्हणजे बहुतेक कॉइल फुटून वीज पाण्यात उतरली होती आणि घरात अर्थिंग एकतर नाही किंवा नावाला आहे. तिथे गिझर बदलून काही साधत नाही. आधी परवानाधारक वायरमन बोलावून अर्थिंग तपासा. 2,000 वॉटला जवळपास 9 अँपिअर करंट लागतो, तेव्हा गिझरला 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट, मीटरपासून आलेली वेगळी जाड वायर आणि स्वतःचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) हवा. मिक्सरच्या सॉकेटमधून ओढलेली वायर चालणार नाही. आणि घराला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट भलतीकडे गळला की तो क्षणात लाइन तोडतो. ह्याचे पैसे गिझरच्या पैशांतून वाचवू नका, उलट वेळ आली तर गिझर साधा घ्या. घेताना आयएसआय मार्क आणि बीईईचे (वीज बचतीचे) स्टार बघा. स्टार जितके जास्त तितकं तापलेलं पाणी उगीच निवत नाही. वीजबिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो, गिझर त्यात बसतो का हे बघायला तोही वायरमनला दाखवा.

आणखी एक, आपल्या गावचं म्हणून. वरची टाकी रिकामी असताना गिझर चालू करायचा नाही. आधी गरम नळ सोडून बघायचा, धार आली तरच बटण. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात पुष्कळ कॉइली ह्याच घाईत जळतात.

सोलर? तुमची स्वतःची गच्ची आहे, हिवाळ्यात आकाश निरभ्र असतं, म्हणजे गरज असते नेमकं तेव्हाच ऊनही खणखणीत. मला तो मनापासून आवडतो. जड पाण्याला काचेच्या नळ्यांचा बरा पडतो, तांब्याच्या बारीक नळ्यांच्या पॅनेलमध्ये क्षार अडकून बसतात. पण दोन अडचणी सांगते. पाण्याची टाकी सोलरच्या वर हवी आणि ती रिकामी राहता कामा नये. नळ्या उन्हात कोरड्या तापल्या आणि मग दुपारी नळाचं पाणी सोडलं की काच तडकते. कधी रिकामी झालीच तर सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर भरायची. दुसरी अडचण अशी की गच्चीवरून खाली येईपर्यंत पाइपातलं आधीचं गार पाणी रोज निघतं. ते मोरीत सोडू नका, बादलीत धरून भांड्यांना वापरा. तेव्हा माझं मत असं: ह्या थंडीच्या आधी विजेचा बसवा, पैसा जुळला की पुढे सोलर जोडा. मग वीज लागेल ती फक्त ढगाळ दिवसांना.

गॅस गिझर कुणी स्वस्त म्हणून सुचवेल. न्हाणीच्या आत तो लावू नका, कितीही सवलत दिली तरी. बंद न्हाणीत गॅस जळताना हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस अंघोळ करता करता बसल्या जागी पडतो आणि बाहेरच्यांना वाटतं अजून अंघोळ चाललीय. बाहेर मोकळ्यावर लावून आत फक्त पाइप आणता येत असेल तरच त्याचा विचार. हाच नियम कोळशाच्या शेगडीला आणि बंबालाही. तुमचा परसात होता हे शहाणपणच होतं.

पत्र तुमचं असलं तरी वाचणाऱ्यांत भाड्याच्या खोलीत राहणारेही पुष्कळ असतात, आणि त्यांची सगळी भिस्त रॉडवर. रॉड वापरायचाच तर प्लास्टिकच्या बादलीत, लाकडी पट्टीवर नीट टांगून, खुणेपर्यंत पाण्यात बुडवून मग बटण. पाणी तापलं का हे बघायला बोट घालण्याआधी बटण बंद करून पिन काढायची. लोखंडी किंवा स्टीलची बादली नको. घरात रांगतं-चालतं मूल असेल तर रॉड नकोच, घरमालकाशी बोलून 6 किंवा 10 लिटरचा छोटा गिझर बसवा आणि खोली सोडताना घेऊन जा. पॉइंट आणि अर्थिंगचा खर्च मालकाने करावा, तो त्याच्या भिंतीत राहतो.

आता मुलाबद्दल. पत्रात तो एकाच वाक्यात येतो, "मुलगा गप्प बसतो." मावशी, ह्या गप्प बसण्याचा फायदा कुणाला होतो? पावणेपाचला तो झोपलेला असतो, सहाला त्याला गरम पाणी मिळतं, आणि गिझर हवा की नको हे भांडण तुम्ही दोघी भांडता. बायकोच्या बाजूने बोललो तर आईला राग, आईच्या बाजूने बोललो तर बायकोला, म्हणून तो पेपर वाचतो. मी तुमच्या जागी असते तर एक आठवडा हे काम त्याच्याकडे दिलं असतं. शिक्षा म्हणून नाही, माहिती म्हणून. सात पहाटा पातेली वाहिली की तो स्वतःच दुकानात जाऊन भाव काढून येईल. पोरांना मात्र त्या वेळी स्वयंपाकघराच्या बाहेर ठेवा.

आणि सुनेशी बोलताना "बरं बाई, घे तुझा गिझर" असं म्हणू नका. ते वाक्य तिला जन्मभर लक्षात राहील आणि दर महिन्याच्या बिलाबरोबर तुम्हालाही. तिला एवढंच विचारा की पोराचा पाय भाजला त्या दिवशी तिला काय वाटलं. मला वाटतं, हे तिला घरात अजून कुणी विचारलेलं नाही. तिचं ऐकून झालं की वायरमनला आणि प्लंबरला फोन तुम्ही करा. घराचं मीटर कुठे, बोअरची मोटर कुठे, कुठल्या भिंतीत पाइप गेलाय, हे तुमच्याइतकं त्या घरात कुणाला माहीत नाही. गरम पाण्याची लाइन साध्या पीव्हीसीची घालू देऊ नका, ती वाकते. सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा पाइप, कसा असतो ते प्लंबर दाखवेल, तुम्ही फक्त उभं राहून बघा. चाळीस वर्षं पत्ती पारखून घेतलीत, पाइप काय चीज आहे!

बंब भंगारात घालू नका. तांब्याच्या भावाच्या मोहाने पुष्कळांनी घातले आणि आता हळहळतात. परसात झाकून ठेवा, नरकचतुर्दशीला बाहेर काढा. चिंच मी सांगायला नको. तुराट्या मोडून तो पेटवायचं काम मात्र त्या पहाटे मुलाकडे द्या. धूर होईल, डोळे चोळेल, चारदा फुंकेल. तुम्ही उटणं लावून पाटावर बसा आणि "झालं का रे पाणी?" म्हणून आतून हाक मारत राहा.